तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
बाबाचे अ. उ. आ.

पाकीट बघून पोटात गोळा आणू नकोस. कुणी आजारी नाही, छप्पर जागेवर आहे आणि माझे गुडघे नेहमीसारखेच कुरकुरताहेत. हे मोबाइलवरही सांगता आलं असतं, पण त्या व्हिडिओच्या चित्रात तुझी बोटं तुकड्यातुकड्यानं येतात आणि अर्धं वाक्य मलाच जुळवत बसावं लागतं. अंगठ्यानं टकटक करून लिहिलेलं तर मला खरंच वाटत नाही. माझ्या कानावर घालून उपयोग नसतो, म्हणून सगळं कागदावर घालायची सवय तुझ्या आईनं लावली, ती आता सुटायची नाही.

बातमी अशी की मी दृढीकरणासाठी नाव दिलंय. हसू नकोस. बाप्तिस्मा माझा तान्हेपणीच झाला, पण जाणता झाल्यावर मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास स्वतः कबूल करायचा असतो, तो राहूनच गेला. बहिऱ्याला प्रश्न कोण विचारणार आणि त्याचं उत्तर कुणाला कळणार? आधीच्या पाळकसाहेबांनी मला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की देवाला तुझं मन ठाऊक आहे, तू काळजी करू नकोस. मग मी पन्नास वर्षं काळजी केली नाही. मागच्या बाकावर बसलो, सगळे उठले की उठलो, सगळे बसले की बसलो. मंडळीची गायनाची पुस्तकं मी तीनदा बांधली, शिवणीपासून पुठ्ठ्यापर्यंत, आणि झोप अगदी छान लागायची.

ती झोप तू उडवलीस. दीड वर्षापूर्वी तू पाळकसाहेबांशेजारी उभी राहून उपदेश हातांनी सांगायला लागलीस, आम्हा चौघा बहिऱ्यांना पहिल्या बाकावर आणून बसवलंस, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. एका रविवारी ते म्हणाले की मी कधी 'नाही' म्हटलेलं नाही, एवढ्यावर माणूस 'होय'वाल्यांत जाऊन बसतो, पण त्याला तिथं कुणी बोलावलेलं नसतं. मी मान खाली घातली. बहिऱ्यानं मान खाली घातली की उपदेश बंद होतो, ही आमची सोय. पण तेवढं वाक्य आत जाऊन बसलं होतं.

पंधरा मार्चला बिशपसाहेब येणार आहेत. तीन प्रश्न असतात. ते तू मला हातांनी विचारायचेस आणि मी हातांनी देईन ती उत्तरं मोठ्यानं म्हणायचीस. एक तक्रार मात्र आधीच नोंदवून ठेवतो. तुझे हात अचूक चालतात, पण चेहरा अगदी कोरा असतो. आपल्या भाषेत भुवया उचलल्या नाहीत तर प्रश्न हा प्रश्न वाटत नाही, हे तुला मी शिकवायचं का? जावईबापूंना आशीर्वाद.

पत्राची वाट दुपारच्या टपालापर्यंत रोज पाहणारा,
बाबा


दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
भिंगरीचा सा. सलाम वि. वि.

पत्र मिळालं. हसले नाही, पण दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ह्यांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले की सासरेबुवा आपल्या सगळ्यांना लाजवणार.

मी येईन. त्या रविवारची इस्पितळातली दुभाष्याची पाळी दुसरीला दिली आहे. पण चेहऱ्याची तक्रार मंजूर नाही. भुवया मी उचलते, तुम्ही चष्मा बदला. आणि त्यापलीकडचा चेहरा माझा असतो, तो मी मुद्दाम बाजूला ठेवते. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की भर घालायची नाही, गाळायचं नाही, कुणाचं वाक्य सुधारायचं नाही. गेल्या आठवड्यात इस्पितळात डॉक्टर एका बाईंना सांगत होते की गाठ पसरली आहे. ते माझ्या हातांनी सांगितलं, आणि त्या बाई जे म्हणाल्या ते माझ्या तोंडानं डॉक्टरांना सांगितलं. दोघांच्या वेळी मी 'मी'च म्हणाले, आणि त्यातला एकही 'मी' माझा नव्हता. बाजू घ्यायला लागले तर हे काम एक दिवस करता यायचं नाही. माझं काम नळाचं. पाणी चांगलं आहे की वाईट, हे नळाला विचारायचं नसतं.

तुम्ही पुढे काय विचारणार ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. हो, प्रभुभोजनाच्या वेळी मी बाहेर नळावर हात धुवायला जाते. अकरा वर्षं झाली. मी 'नाही' म्हणत नाहीये बाबा, भांडण तर मुळीच नाही. आईच्या दुखण्यात फार मागितलं, मिळालं नाही, तेव्हापासून मी मध्येच उभी आहे आणि तिथं मला बरं वाटतं. तुमचं तुम्ही अवश्य करा. मला तळ्यात की मळ्यात ते विचारू नका.

एकच विनंती. तीन प्रश्न, तीन वेळा 'होय'. बिशपसाहेबांना पुढे दुसऱ्या मंडळीत जायचं असतं. तिथं तुमच्या गप्पा सुरू करू नका. आपल्या वाचनालयाच्या बाईंना तुम्ही पुस्तक परत देताना कसे पाऊण तास अडकवता, ते मी पाहिलंय.

गुडघ्यांना तेल लावा. माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी


दि. २२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आठवडा झाला, पण मी अजून जमिनीवर नाही. पुठ्ठे कापताना दोन चुकीचे कापले. खळीचं भांडं चुलीवर विसरलो, सगळी खोली जळक्या खळीच्या वासानं भरली आणि शेजारीण खिडकीतून हातवारे करून ओरडली. मी तिलाही हसून सलाम केला.

मला सांग, माणसाचं मन एवढं मोठं असतं? मी तर घाबरून गेलो होतो. पहिले दोन प्रश्न सोपे होते. विश्वास आहे का? आहे. पाप सोडतोस का? सोडतो. मग तुझे हात म्हणाले, पूर्ण अंतःकरणानं त्याच्यामागे चालशील काय? आणि तू 'पूर्ण'साठी दोन्ही हात असे पसरलेस की माझं सगळं आयुष्य त्यात मावलं आणि एक कोपरा बाहेर राहिला. तू गप्पा मारू नका म्हणाली होतीस, पण तिथं खोटं कसं बोलू? म्हणून मी म्हणालो, थांबा, एक गोष्ट बाकी आहे, ती ठेवून मी पूर्ण कसं म्हणू? तुझे ओठ हलले. पाळकसाहेबांनी बिशपसाहेबांकडे पाहून मान डोलावली आणि बिशपसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. म्हणजे बाकीसकट घेतलं मला! मी गुडघ्यावर बसून ढसाढसा रडलो, ते तू पाहिलंसच.

आता ती बाकी काय, ते तुला सांगायलाच हवं. तुझ्या काकाशी मी तुझ्या आईच्या मातीपासून बोलत नाही हे तुला माहीत आहे, पण मूळ त्याच्या फार आधीचं आहे. मी एकोणीस वर्षांचा असताना मोठ्या शहरातले एक बांधणीमास्तर आमच्या दुकानात आले होते. त्यांच्या कारखान्यात आठ-दहा बहिरे कारागीर होते. माझं काम पाहून त्यांनी तुझ्या काकाला विचारलं की हा येईल का आमच्याकडे. मी समोर उभा, हातात सुई-दोरा, आणि तुझा काका माझ्याकडे न बघता म्हणाला की नाही, त्याला इथंच बरं वाटतं. मला वाटलं पुस्तकाबद्दल बोलताहेत. मी हसून मान हलवली, भिंगरी. सात वर्षांनी ते मास्तर भेटले तेव्हा कळलं. माझ्या तोंडचं उत्तर माझ्या भावानं दिलं, आणि मी मान हलवून त्यावर सही केली. मातीच्या दिवशीही तो लोकांना माझ्या वतीनं सांगत होता की त्याला एकटं राहायला आवडेल. त्या दिवशी मी त्याला दाराबाहेर काढलं.

ती गाठ सोडवायची आहे. देवानं उधारीवर घेतलंय, तर आपण किती दिवस बसून राहायचं? मी काकाकडे जाणार. एक मात्र लिही. मी 'थांबा' म्हटल्यावर बिशपसाहेब मला काय म्हणाले? बरंच बोलत होते. तू फक्त आशीर्वादाची खूण केलीस. ते शब्द मला कागदावर हवेत, मी बायबलात ठेवीन.

आनंदात असलेला,
बाबा


दि. २९ मार्च

ती. बाबांना,
सा. सलाम वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. ह्यांची बदली टळली. गॅलरीतली कुंडी वाऱ्यानं पडून फुटली, रोप मात्र वाचलं. इस्पितळात काम खूप आहे, म्हणून चार ओळीच लिहिते.

काकांकडे जायची एवढी घाई कशाला? त्यांचं घर चढावर, तुमचे गुडघे असे. थोडं थांबा, मग मी येईन आणि आपण दोघं मिळून ठरवू. बिशपसाहेब नेमकं काय म्हणाले ते आता शब्दाशब्दानं आठवत नाही. दिवसभरात इतक्या जणांचं बोलणं हातांतून जातं की माझ्यापाशी काही उरत नाही.

खळीचं भांडं चुलीवर ठेवून बाहेर जाऊ नका. 

तुमची,
भिंगरी


दि. ५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आहे की हवामानाची बातमी? कुंडी पडली, रोप वाचलं! तू लहानपणी दुधाचं पातेलं सांडलंस की अशीच शाळेतल्या गमती सांगत सुटायचीस. काय सांडलंय ते सांग.

मी बुधवारी काकाकडे गेलो होतो. चढ चढलो. फाटकाची कडी हातात घेतली आणि हात तिथंच राहिला. खिडकीतून तो दिसत होता, वर्तमानपत्र नाकाच्या टोकाशी धरून बसलेला, म्हातारा झालाय फार. मी कडी सोडली आणि उतरून आलो. येताना स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की रस्त्यावरची माणसं माझ्या हातांकडे बघायला लागली.

तेव्हापासून कामात लक्ष नाही. वाचनालयाचे सहा खंड शिवायला घेतलेत, पाचवा पहिल्याच्या आधी शिवला, उसवला, पुन्हा शिवला. आत सारखं काहीतरी टोचतंय की तुला घेतलं ते भरवशावर घेतलं, आणि तू फाटकावरून परत येतोस. म्हणून ठरवलंय की येत्या एकोणीस तारखेला, रविवारी, पाळकसाहेबांना आभाराची चिठ्ठी द्यायची. त्यात लिहीन की तुम्ही माझं 'थांबा' ऐकून घेतलंत, मला बाकीसकट पदरात घेतलंत, आता ती बाकी सुटायला प्रार्थना करा. एकदा त्यांना लिहून दिलं की मग मला माघार घेता येणार नाही.

पाय दुखत असलेला,
बाबा


दि. ९ एप्रिल

ती. बाबांना,
सा. सलाम वि. वि.

ती चिठ्ठी देऊ नका. आधी हे वाचा, आणि बसून वाचा.

तुम्ही 'थांबा' म्हणालात ते पाळकसाहेबांना कळलेलं नाही. बिशपसाहेबांनाही नाही. कुणालाच नाही. तुम्ही म्हणालात की एक गोष्ट बाकी आहे, ती ठेवून मी पूर्ण कसं म्हणू, आणि मी मोठ्यानं म्हणाले, होय, पूर्ण अंतःकरणानं. तुमचे तिघे बहिरे मित्र तुमच्या पाठीमागे बसले होते, त्यांना तुमचे हात दिसले नाहीत. तुमच्या समोर तुमची भाषा येणारी मी एकटी होते. सगळ्यांनी तुम्हाला हसतमुखानं स्वीकारलं ते माझ्या शब्दावर.

असं मी कधीच करत नाही. कोर्टात केलं असतं तर उद्यापासून घरी बसवलं असतं मला, आणि योग्यच केलं असतं. का केलं ते सांगते, पण ती सबब नाही. बिशपसाहेबांचे हात आधीच उचलले गेले होते. मंडळी माना वर करून बघत होती. तुमचे हात थांबले तशी मागे कुजबुज सुरू झाली आणि मला वाटलं, आता म्हणतील की बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही. ते 'बिचारा' मी लहानपणापासून ऐकत आलेय, तुम्हाला ते ऐकू येत नाही, मला येतं. त्या एका शब्दाच्या भीतीनं मी तुमचं उत्तर गिळलं आणि माझं ठेवून दिलं. तुमचं उत्तर तिथल्या सगळ्यांपेक्षा खरं होतं, बाबा. इतकी वर्षं त्या जागी उभं राहून 'होय' म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी 'पूर्ण' शब्दापाशी थांबून विचार केला असेल?

आणि मी कोण ते म्हणणारी? अकरा वर्षं तो शब्द माझ्या ओठांवर आला नाही. मला बाजू नाही, मी मधली, नळ, असं तुम्हाला ऐटीत लिहून पाठवलं. आणि पहिल्यांदा म्हटला तो तुमच्या नावावर. तुम्ही काकांबद्दल लिहिलेलं वाचलं तेव्हा मी इस्पितळाच्या जिन्यावर बसून ते आणखी दोनदा वाचलं. त्यांनी दुकानात केलं तेच मी देवळात केलं. त्यांनी निदान स्वतःचं मत तरी दिलं होतं. माझं तर मतच नव्हतं.

समोर येऊन सांगणार होते. पण समोर आले की माझे हात ते गोड करून सांगतील, मला माझे हात माहीत आहेत. म्हणून कागदावर. पाळकसाहेबांनाही आजच वेगळं पत्र टाकते आहे. त्यांना सगळं लिहिलंय, तुमची बाकी काय ती सोडून. ती तुमची आहे.

काय म्हणायचं ते म्हणा. माया मागायची आज हिंमत नाही.

भिंगरी


दि. १४ एप्रिल

पत्र मिळालं.

या रविवारी येऊ नकोस. पुढच्याही नको. तू हात हलवलेस तर मला त्यात काय गाळलंय तेच दिसत राहील.

मी सगळ्या मंडळीचे अभिनंदनाचे हात हातात घेतले. मिठ्या मारल्या. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा जसा हसलो होतो तसाच हसलो. अडुसष्टाव्या वर्षी, माझ्या स्वतःच्या मुलीसमोर.

आणखी लिहवत नाही.


दि. २७ एप्रिल

ती. बाबांना,
सा. सलाम वि. वि.

उत्तर मागायला लिहीत नाहीये. फक्त काय घडलं ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

पाळकसाहेब स्वतः इथं येऊन गेले. मला वाटलं होतं रागावतील. ते आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि म्हणाले की चूक त्यांचीही आहे. दीड वर्ष मंडळीतल्या चार माणसांशी ते फक्त माझ्या हातांतून बोलले आणि स्वतः दहा खुणासुद्धा शिकले नाहीत. डोक्यावर ठेवलेले हात वाया जात नाहीत, पण तो प्रश्न पुन्हा विचारला गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला हवं असेल तर. मी तुमच्या वतीनं हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. बाबांनाच विचारा, एवढंच मी म्हणाले.

जाताना त्यांनी मला विचारलं की तुझं काय? मी सवयीनं म्हणणार होते की माझं काही नाही, मी मधली. शब्द तोंडापर्यंत आला आणि मला त्याची लाज वाटली. मध्ये उभं राहून कुणाचं काही बिघडवत नाही, असं मी समजत होते. तुमचं केवढं बिघडवलं! ह्यांना म्हटलं, मला काही दिवस कुणी काही विचारू नका. तर ते म्हणाले की इतकी वर्षं तेच तर चाललंय.

कामावर जाते. दुसऱ्यांची वाक्यं नीट पोचवते. घरी आले की भांडी आपटते. तुम्ही जेवताय ना?

भिंगरी


दि. १७ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जेवतो आहे. तुझ्या आशीर्वादांचे मागचे हप्ते थकले होते, तेही यातच घे.

पंधरा दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. शिवणीचा दोरा एवढा ओढायचो की कागद फाटायचे. मग म्हटलं, पोरगी आहे, स्वतःहून सांगितलं, कुणी पकडलं नव्हतं, सोडून द्यावं. माफ करायला म्हणून तुझं पत्र पुन्हा उघडलं. 'बिचारा' शब्दाची भीती वाटली, असं तू लिहिलंयस. ते वाचलं आणि समोर तुझा काका येऊन उभा राहिला. त्यालाही कसली तरी भीती वाटलीच असेल की. तुला माफ करायचं आणि त्याला फाटकाबाहेर ठेवायचं, हे काही केल्या जमेना. तुला सोडलं तर त्याला सोडावं लागतंय, त्याला धरलं तर तूही हातात येतेस. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी चढ चढलो आणि थांबलोच नाही, कडी काढून सरळ आत.

आता गंमत ऐक. तुझ्या काकाला ऐकू येईनासं झालंय. पार! काकू त्याच्या कानात ओरडत होती आणि तो माझ्याकडे असं बघत होता की जणू मी त्याला वाचवायला आलोय. मग आम्ही दोघे बहिरे कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर लिहीत बसलो. मी सगळं लिहिलं, मास्तर, कारखाना, माझी मान हलवणं, तुझ्या आईची माती. त्यानं दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग लिहिलं की तू एवढ्या मोठ्या शहरात हरवशील असं मला वाटलं, तुला हाक मारून शोधता आलं नसतं. भिंगरी, बेचाळीस वर्षं मला वाटत होतं की त्याला दुकानात फुकटचे हात हवे होते.

मी लिहिलं की मी सोडून दिलं. लगेच खोडलं, कारण ते खरं नव्हतं. मग लिहिलं की सोडून द्यायला आलोय, वेळ लागेल, तोवर येत राहीन. त्यानं ते पान घडी करून खिशात घातलं आणि काकूला चहा ठेवायला लावला. आता दर गुरुवारी जातो, त्याला खुणा शिकवतो. फार ढ आहे.

त्याच्याहून ढ एकच माणूस, आपले पाळकसाहेब. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझ्या कामाच्या खोलीत येऊन खळीच्या वासात बसतात आणि तिसरा प्रश्न घोकतात. परवापर्यंत ते मला विचारत होते की पूर्ण पोटानं मागे चालशील काय. जूनच्या सात तारखेला तो प्रश्न ते मला स्वतः विचारणार आहेत, मंडळीसमोर, स्वतःच्या हातांनी. माझं उत्तर त्यांना दिसेल, बाकीच्यांना ते सांगतील. म्हणजे त्या दिवशी तुला काम नाही.

तरी ये. पहिल्या बाकावर बस. तुलाही तो प्रश्न कुणीतरी विचारावा असं मला फार वाटतं, तुझी आई गेल्यापासून वाटतं. पण मी पाळकसाहेबांना त्यातलं काही बोललेलो नाही. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं नाही, असं आता आपल्या घरात ठरलंय. विचारा म्हणायचं असेल तर तूच म्हण.

राग ओसरलेला, वाट पाहणारा,
बाबा


दि. ९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलीस ना? बस सुटताना तू खिडकीतून हात हलवलास तेव्हा तुझं नाक लाल होतं, म्हणून विचारतो.

परवाचं मी अजून मनात पुन्हापुन्हा पाहतो आहे. 'पूर्ण'ला पाळकसाहेबांनी हात एवढे पसरले की बाजूची फुलदाणी पडता पडता वाचली. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात उत्तर देऊन टाकलं. होय. या वेळी बाहेर कोपरा राहिला नाही. काकाबद्दलचं सगळं विरघळलंय असं नाही, पण आता ते लपवून ठेवलेलं नाही, तेही घेऊनच मागे निघालोय. ते हातांनी सांगितलं, आणि पाळकसाहेबांना कळलंसुद्धा. त्यांनी वळून मंडळीला सांगितलं. बरोबर सांगितलं की नाही देव जाणे, पण तुझा काका मागच्या बाकावरून उठून उभा राहिला होता.

आणि मग तू उठलीस. मी तुला बोलावलं नव्हतं, कुणीच नव्हतं. तू पुढे गेलीस, माझ्याकडे पाठ करून उभी राहिलीस आणि पाळकसाहेबांशी काहीतरी बोललीस. त्यांनी तुला विचारलं, ते तोंडानं. तुझे दोन्ही हात बाजूला सरळ खाली होते. तुझ्या जन्मापासून मी तुझे हात बोलताना इतके स्थिर पाहिले नव्हते. मानेमागून एवढंच दिसलं की तुझं उत्तर 'होय' किंवा 'नाही'पेक्षा लांब आहे. पाळकसाहेबांचे डोळे भरले. काकानं मला खुणेनं विचारलं की ती काय म्हणाली. मी म्हणालो, मला माहीत नाही.

नंतर चारजणांनी मला सांगायचा प्रयत्न केला. शेजारीण तर कागद-पेन्सिल घेऊन आली. मी पेन्सिल परत केली. बसच्या गर्दीत तुला घाईघाईनं विचारणंही जिवावर आलं. पण आता दोन दिवस झाले आणि माझ्याच्यानं राहवत नाही. काय म्हणालीस ते तू लिही.

बाबा


दि. १२ जून

ती. बाबांना,
भिंगरीचा सा. सलाम वि. वि.

सुखरूप पोचले. नाक अजून लाल आहे. हात मी मुद्दाम खाली ठेवले होते. ते हलले असते तर सवयीनं मी पुन्हा दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं सांगते आहे असं मलाच वाटलं असतं.

आधी मी पाळकसाहेबांना म्हणाले की तो प्रश्न मलाही विचारा. त्यांनी विचारला. मी म्हणाले की आईसाठी मागितलेलं मिळालं नाही, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. पुष्कळ गोष्टी पटत नाहीत. भीती वाटते. आजवर मी या सगळ्यावर एक चांगलं नाव ठेवून दिलं होतं, की मला बाजू नाही. मला बाजू होती, मी दूर उभी होते. आता राग आणि भीती बाहेर ठेवून उरलेली मी आत यायचं म्हटलं तर ते अर्धंच होईल, म्हणून त्यांच्यासकट येते. हे एवढंच आहे माझ्यापाशी, पण यातलं मागे काही ठेवलेलं नाही.

मग पाळकसाहेब म्हणाले की मग उत्तर काय समजू. मी म्हणाले, समजू नका, मी सांगते. होय.

तुमची,
भिंगरी